इमारतीच्या सावलीतली फुलबाग

कोथरूडमधल्या आमच्या घराच्या दक्षिणेला पूर्वी आमच्यासारखेच एक बैठे घर होते. त्या जागेवर सात मजली इमारत उभी राहिली आणि आमच्या अंगणातले ऊन गेले. पुण्यातल्या जुन्या वसाहतींमध्ये आज अशी अंगणे गल्लोगल्ली आहेत. सासूबाईंनी जिथे वर्षानुवर्षे गुलाब, शेवंती आणि मोगऱ्याची बाग राखली होती, तिथे इमारतीचे वरचे मजले चढल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात शेवंतीने मोजक्याच कळ्या धरल्या, गुलाबाच्या फांद्या उजेडाच्या ओढीने लांबलचक आणि लेच्यापेच्या वाढल्या आणि मोगऱ्याला नुसता पाला राहिला. आता इथे शोभेच्या पानांचीच झाडे लावा, असा सल्ला बहुतेकांनी दिला. शोभेची पाने मलाही आवडतात, पण देवाला रोज घरची फुले वाहणाऱ्या घरात नुसत्या पानांवर भागत नाही. सावलीतही फुले येतात. ती कोणती, कधी आणि कशाच्या बळावर येतात हे जाणून घेण्यात माझी काही वर्षे गेली आणि त्या काळात जे हाती लागले ते मी इथे लिहीत आहे.

रोपवाटिकेत जाण्याआधी मी अंगणाकडे नीट पाहायचे ठरवले. महिन्यातला एक निरभ्र दिवस निवडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला उन्हाची कड जिथे असेल तिथे फरशीवर आणि मातीवर खडूने रेघ ओढायची आणि ती घराच्या नकाशावर उतरवून घ्यायची, असा क्रम मी वर्षभर ठेवला. पुणे साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात इथे भर दुपारी, म्हणजे साडेबाराच्या सुमारासही, सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो आणि त्यामुळे दक्षिणेकडची इमारत जितकी उंच, जवळजवळ तितकीच लांब तिची सावली उत्तरेला पसरते. आमचे अख्खे अंगण ओलांडून ती घराच्या भिंतीवर चढते. मे महिन्यात मात्र सगळे पालटते. मेच्या मध्याला सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेलाच कललेला असतो. या काळात दक्षिणेची इमारत कितीही उंच असली तरी भर दुपारी तिची सावली अंगणात पडूच शकत नाही. ज्या जागेला आम्ही बारमाही सावलीची समजत होतो, तिथे वर्षातल्या सर्वांत कडक दिवसांत दुपारचे दोन-तीन तास थेट ऊन पडत होते, आणि हिवाळ्यात, जेव्हा ऊन झाडांना मानवते, तेव्हा त्याचा कवडसाही नव्हता.

थंड देशांतल्या बागांवर लिहिलेल्या पुस्तकांतून आपल्याकडे जो सल्ला येतो तो इथेच अपुरा पडतो. त्या देशांत इमारतीच्या उत्तरेची जागा दुपारच्या उन्हापासून कायम सुरक्षित असते, म्हणून तिथे कोवळ्या पानांची, भरपूर ओल मागणारी झाडे बिनधास्त लावता येतात. तीच झाडे इथे लावली तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यांची पाने कडेने करपतात. आपल्याकडे घराच्या किंवा इमारतीच्या उत्तरेला बाग करायची असेल, तर उन्हाळ्यातल्या त्या काही आठवड्यांची सोय आधी करावी लागते. मी भिंतीला चार आकडे ठोकून पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी मेच्या आरंभी बांधते आणि मृगाचे ढग दाटले की ती सोडून घडी घालून ठेवते.

वर्षभराच्या नकाशांवरून अंगणाचे सरळ तीन भाग पडले. इमारतीच्या बाजूच्या कुंपणभिंतीलगतचा पट्टा हा सर्वांत गडद सावलीचा आणि ओलसर. पश्चिमेच्या कोपऱ्यात जुना आंबा आहे, त्याच्याखालची जागा बारा महिने सावलीची, पण कोरडी. आणि पूर्वेची कड, जिथे फाटकाच्या बाजूने सकाळचे ऊन हिवाळ्यात जेमतेम तासभर आणि उन्हाळ्यात तीन तासांपर्यंत येते. उजेडाचा अंदाज घेण्यासाठी मी एक जुनी युक्तीही वापरली. दुपारी पांढरा कागद जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर वीतभर अंतरावर हात धरायचा. बोटांची सावली वेगवेगळी ओळखू आली तर तिथे फुलझाड जगते आणि फुलतेही. नुसता हाताचा धूसर डाग दिसला तर निवड फार काळजीपूर्वक करावी लागते, आणि काहीच उमटले नाही तर तिथे फुलांचा आग्रह सोडून नेचे आणि अळूसारखी पानेच लावावीत. मोबाइलमधल्या प्रकाशमापकाने पाहिले तर मोकळ्या दुपारच्या उन्हात आकडा एक लाख लक्सच्या घरात जातो आणि आंब्याखाली तोच काही हजारांवर येतो. आपल्या डोळ्यांना हा फरक एवढा मोठा कधीच जाणवत नाही, कारण डोळे उजेडाशी लगेच जुळवून घेतात. झाडांना ती सोय नसते.

आता हंगामाविषयी. पुण्यात फुलबागेचा खरा बहर हिवाळ्यातला मानला जातो. पिटुनिया, डेलिया, पँसी, झेंडू, शेवंती ही सगळी थंडीत फुलणारी आणि उन्हावर पोसणारी झाडे आहेत, आणि एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते तेही याच बहरामुळे. माझ्या अंगणाला हा हंगाम मिळणार नव्हता, कारण नेमक्या त्याच महिन्यांत तिथे ऊन नसते. मग उरतो तो उन्हाळ्याच्या शेवटापासून दसरा-दिवाळीपर्यंतचा काळ. ढगाळ दिवसांत उजेड एका दिशेने येत नाही, तो सगळ्या आभाळातून झिरपतो, आणि म्हणून पावसाळ्यात सावलीची जागा आणि मोकळी जागा यांच्या उजेडातला फरक बराच कमी होतो. ताम्हिणी घाटात आषाढ-श्रावणात झाडीच्या आत शिरून पाहिले तर हे स्पष्ट दिसते. वर दाट छत असते, तरी खाली रानहळद फुललेली असते, ओढ्याकाठी पेवाचे पांढरे शुभ्र फूल तांबड्या कणसातून बाहेर आलेले असते, झाडीच्या कडेला कळलावी चढलेली असते आणि दरडींवर तेरडा दाटलेला असतो. सह्याद्रीच्या जंगलातल्या जमिनीलगतच्या फुलांनी आपले वर्ष पावसाभोवतीच बांधले आहे. आपल्या सावलीतल्या बागेने त्यांचेच वेळापत्रक घ्यावे, हे एकदा मनाशी ठरल्यावर पुढची निवड फार सोपी झाली. हिवाळ्यात या बागेने विसावा घ्यायचा आणि वैशाखापासून फुलायचे.

लावणीआधी माती करावी लागली. भिंतीलगतच्या पट्ट्यात बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे खडे आणि चुना मिसळलेला होता. आधीच आपली काळी माती अल्कधर्मी, त्यात सिमेंट आणि वर बोअरचे जड पाणी, म्हणजे सावलीत राहणाऱ्या बहुतेक झाडांना नेमके नको असलेले सगळे तिथे एकत्र आले होते. जंगलातली झाडे कुजलेल्या पानांच्या किंचित आंबट, भुसभुशीत थरात वाढतात. मी पट्ट्यातली माती दीड फुटापर्यंत काढून टाकली आणि पोयटा, चांगले कुजलेले शेणखत आणि आंब्याच्याच पानांचे खत समप्रमाणात मिसळून गादीवाफा केला. आंब्याची पाने जाड आणि चिवट असल्याने कुजायला वर्षभर घेतात, पण बारीक चुरून, ओली ठेवून, मधूनमधून शेणकाला शिंपडला की उत्तम काळे खत होते. कुंपणभिंत उजळ करण्यासाठी मी तिला पांढरा रंग दिला आणि त्या एका गोष्टीने पट्ट्यातला उजेड डोळ्यांना कळण्याइतका वाढला. चुन्याची सफेदी स्वस्त पडते, पण पावसात ती ओघळून मातीत उतरते आणि माती आणखी अल्कधर्मी करते, म्हणून बाहेरच्या भिंतीचा तयार रंगच वापरला.

आंब्याखाली खणता येत नाही. त्याची अन्न शोषणारी मुळे वरच्या वीतभर मातीतच पसरलेली असतात आणि ती तोडली तर झाडाचे नुकसान होते. वर मातीचा जाड थर टाकणेही चुकीचे, कारण त्याने मुळे गुदमरतात आणि बुंध्याची साल कुजते. म्हणून तिथे मोठ्या, पसरट कुंड्या विटांवर ठेवल्या आणि मुळांच्या मधल्या मोकळ्या कप्प्यांत फक्त कंद लावले. आंब्याखालची कोरड पावसाळ्याच्या सुरुवातीलाही टिकून असते. जूनच्या हलक्या सरी वरच्या पानांवरच अडतात, बाहेरचा रस्ता ओला होतो आणि बुंध्याजवळ बोट घातले तर माती भुरभुरीत लागते. पाऊस पडतो आहे म्हणून झारी बाजूला ठेवू नये. जुलै लागेपर्यंत इथे पाणी द्यावेच लागते. उजेडासाठी आंब्याच्या फांद्या भरमसाट उतरवण्याचा मोह अनेकांना होतो. शहरी भागात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. ती रीतसर घेऊन मी फक्त खालच्या, जमिनीकडे झुकलेल्या फांद्या काढून घेतल्या. तेवढ्यानेही बाजूने येणारा उजेड पुरेसा वाढला.

सर्वांत आधी लावला तो भुईचाफा आणि आजही या बागेत मला त्याचेच सर्वाधिक अप्रूप आहे. डिसेंबरात त्याची पाने पिवळी पडून मातीत मिसळतात आणि पुढचे काही महिने त्या जागी काही आहे याची खूणही उरत नाही. म्हणून लावतानाच भोवती गोट्यांचे कडे करून ठेवावे, नाहीतर खुरपे कंदावर पडते. या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवायचे, कारण झोपेतला कंद ओलीत सडतो. मग चैत्रात एखाद्या सकाळी तडकलेल्या मातीतून जांभळट टोके वर आलेली दिसतात. पान नाही, देठ नाही, फूल थेट जमिनीतूनच उमलते. वरच्या पाकळ्या पांढऱ्या, अरुंद आणि ताठ. खालची रुंद, दुभंगलेली पाकळी जांभळी, तिच्या मध्यावर रंग अधिक गडद. आणि जमिनीवर वाकून नाक जवळ नेले की येणारा तजेलदार, किंचित आल्यासारखा सुगंध. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते, पण एका गड्ड्यातून एकामागून एक फुले येत राहतात. फुले आटोपल्यावर पाने येतात, त्यांच्या वरच्या अंगावर रुपेरी-हिरवी नक्षी आणि खालच्या अंगाला जांभळा रंग असतो, आणि ती पाने पावसाळाभर जागा झाकून ठेवतात. आंब्याच्या कोरड्या सावलीत, फारशी देखभाल न करता, फुलांचा आणि पानांचा असा दुहेरी लाभ देणारे दुसरे झाड मला मिळालेले नाही.

त्याच्या शेजारी मे फ्लॉवर, जिला काहीजण फुटबॉल लिली म्हणतात, तिचे कंद आहेत. मूळची आफ्रिकेतली ही लिली वळवाच्या पहिल्या सरीबरोबर जागी होते आणि एका दांड्यावर शंभराहून अधिक बारीक लाल फुलांचा गोल गेंद धरते. कंदाची मान मातीच्या वर राहील असे लावावे आणि एकदा लावल्यावर उगाच हलवू नये, कारण जागा बदलली की ती एखादे वर्ष फुलत नाही. कंद विषारी असतो, तेव्हा घरात मांजर-कुत्रा किंवा रांगते मूल असेल तर तो हाताशी येईल अशा जागी ठेवू नये.

सोनटक्का मी भिंतीच्या पट्ट्याच्या पूर्वेकडच्या टोकाला लावला, जिथे गच्चीवरच्या पावसाचे पन्हाळ उतरते. त्याला पाणी भरपूर हवे, निचराही हवा, आणि थोडे तरी सकाळचे ऊन मिळाले तरच तो मनापासून फुलतो. गडद सावलीत त्याची पाने पुरुषभर वाढतात आणि फुले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी येतात. श्रावणापासून अश्विनापर्यंत संध्याकाळी त्याच्या कळ्या उमलतात आणि अंधार पडताना त्या पांढऱ्या फुलांचा वास फाटकापर्यंत जातो. ज्या दांड्याला एकदा फुले येऊन गेली त्याला पुन्हा येत नाहीत, म्हणून तो दांडा मुळापासून कापावा, तरच नव्या फुटव्यांना बळ मिळते. दोन-तीन वर्षांनी गड्डे दाटतात आणि फुले कमी होतात. तेव्हा उन्हाळ्याच्या शेवटी ते उकरून, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे राहतील असे कापून पुन्हा लावावे लागतात.

तेरड्याचा आग्रह सासूबाईंचा. “अगं, गौरी तेरड्याच्या आणायच्या, आणि त्यासाठी मंडईत जाऊन जुड्या विकत घ्यायच्या, त्यापेक्षा दारातच का नको?” असे त्या म्हणाल्या आणि त्यांचे म्हणणे मला पटले. तेरड्याचे बी पहिला चांगला पाऊस झाल्यावर थेट जागेवर टाकावे. पूर्वेच्या कडेला दोन-तीन तासांच्या उन्हात तो दाट आणि बुटका राहतो. सावलीत आत टाकला तर उंच वाढून आडवा होतो. म्हणून मी तो कडेलाच ठेवला आणि आतल्या भागासाठी त्याचाच आफ्रिकी भाऊबंद, ज्याला रोपवाटिकेत नुसते इम्पेशन्स म्हणतात, तो घेतला. गडद सावलीत रंगीत फुलांचा गालिचा हवा असेल तर आपल्या हवेत इम्पेशन्स आणि टोरेनिया या दोन्हींना पर्याय नाही. दोन्ही रसाळ खोडाची, दोन्ही पाण्याची हावरी आणि दोन्हींना मेमधली दुपार सोसत नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत ती ऐन भरात असतात. तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला बोटाने स्पर्श केला की ते ताडकन फुटून आत वळते आणि बी लांब उडते, त्यामुळे पुढच्या वर्षी ते पेरावे लागत नाही.

पावसाळ्यातल्या सावलीत फुलांच्या बरोबरीने शंखी गोगलगाय येते. आफ्रिकेतून आलेली ही मोठ्या शंखाची गोगलगाय रात्रीतून तेरड्याच्या रोपांचा अख्खा वाफा साफ करते. विषारी गोळ्या टाकणे मला पसंत नाही, कारण त्या भटक्या कुत्र्यांनाही घातक असतात. शेतकरी करतात तोच उपाय मी करते. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी भिंतीच्या कडेला टाकायचे. पहाटे त्याच्याखाली गोगलगायी गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालून त्या उचलायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. उघड्या हाताने त्यांना स्पर्श करू नये, त्यांच्या अंगातून माणसाला बाधणारे परोपजीवी येऊ शकतात. पावसाच्या पहिल्या महिन्यात हे काम नेमाने केले तर पुढे त्रास फार कमी होतो.

आबोलीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सावलीतल्या बागेत रोज देवाला आणि वेणीला फुले देणारे झाड म्हणून तिची बरोबरी कोणी करत नाही. पूर्ण उन्हात तिच्या पाकळ्यांचा रंग फिका पडतो आणि सावलीत तो केशरी-गुलाबी रंग पोसून येतो. तिला गडद अंधार चालत नाही, पण आंब्याच्या कडेची गाळून आलेली सावली तिला नेमकी मानवते. चौकोनी कणसावर फुले खालून वर ओळीने उमलतात आणि कणीस संपले की ते खुडावे, म्हणजे खालच्या पानांच्या बगलेतून नवी कणसे निघतात. बियाण्यासाठी काही कणसे झाडावरच वाळू द्यावीत. त्यांतली सुकी बोंडे वाटीभर पाण्यात टाकून वर ताटली झाकली की मिनिटाभरात आत तडतड सुरू होते, कारण ओल लागताच बोंड दोन बाजूंनी फाटते आणि बी फेकते. ताटली न झाकल्यास बी ओटाभर होते. निसर्गात हीच युक्ती पावसाची वाट पाहण्यासाठी आहे. जमीन ओली झाल्याशिवाय बी बाहेर पडतच नाही. हे बी कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणात पेरले की दोन ते तीन आठवड्यांत उगवते. आबोलीला मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींचा, फार उपद्रव होतो. झाड पाणी असूनही मलूल दिसू लागले की समजावे. लावतानाच खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड घातली आणि दर दोन वर्षांनी जागा बदलली तर ती चांगली टिकते.

सुगंधाच्या झाडांत कवठी चाफ्याचे नाव मी सर्वांत वर ठेवीन. हे कंबरेइतके, संथ वाढणारे झुडूप खरोखर सावलीचे आहे. त्याची कळी अंड्यासारखी गोल आणि हिरवट असते, रात्री ती उघडते आणि पिकलेल्या कवठाचा वास सकाळपर्यंत टिकतो. एका वेळी एक-दोनच फुले येतात, पण ती अधूनमधून बरेच महिने येत राहतात. रोप महाग मिळते, कारण गुटी कलम बांधून, म्हणजे फांदीला झाडावरच ओल्या शेवाळाची पुरचुंडी बांधून, मुळे धरायला वेळ लागतो. कुंपणाच्या जाळीवर हिरवा चाफा चढवला आहे. तो फुलाच्या देठाच्याच आकडीने आधार धरतो, त्याची फुले पानांत दिसतही नाहीत आणि ती हिरवी असताना वासही देत नाहीत. पिवळी पडू लागली की पिकल्या फळांचा घमघमाट सुटतो. त्याला फुलायला काही वर्षे द्यावी लागतात.

अनंत मात्र पुण्यात कष्ट मागतो. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली ही त्याची आवडती स्थिती पूर्वेच्या कडेला आयतीच होती, तरी नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असे दिसू लागले. मातीत लोह असते, पण अल्कधर्मी मातीत आणि जड पाण्यात ते मुळांना घेता येत नाही, हे त्याचे कारण. मी त्याला मोठ्या कुंडीत हलवले, पानांच्या खताचे प्रमाण वाढवले, चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह, दिले आणि पिंपात साठवलेले पावसाचे पाणीच देऊ लागले, तेव्हा तो सावरला. कळ्या असताना माती एकदाही पूर्ण कोरडी होता कामा नये, नाहीतर त्या न उमलताच गळतात. हायड्रेंजियाचेही असेच आहे. आम्लधर्मी मातीत त्याची फुले निळी येतात, कारण तिथे ॲल्युमिनियम मुळांना मिळते. आमच्याकडे तीच गुलाबी येतात. मला गुलाबी चालतात, म्हणून रंग बदलण्यासाठी मातीशी झगडण्याचे कारण उरले नाही.

रोपवाटिकांविषयी एक सांगावेसे वाटते. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनपर्यंत त्यांची रांगच आहे आणि निवड भरपूर मिळते. पण “ताई, हे सावलीतलं झाड आहे” असे तिथे सांगितले जाते तेव्हा ते बहुधा सावलीत जगते इतकाच त्याचा अर्थ असतो. विक्रीला आलेल्या झाडावरची फुले ही उन्हात आणि भरपूर खतावर धरलेल्या कळ्यांची असतात. घरी आणल्यावर त्या उमलतात आणि पुढच्या कळ्या येतच नाहीत. म्हणून फुलांनी लदबदलेले झाड घेण्यापेक्षा, ज्याला सावलीच्या जाळीखाली ठेवूनही नव्या कळ्या धरत आहेत असे झाड शोधावे. जाळीखालच्या ओळीतली मागची, भिंतीकडची झाडे पाहिली की खरे काय ते कळते.

रंग निवडतानाही सावलीचा विचार करावा लागतो. गर्द लाल आणि जांभळी फुले सावलीत दहा पावलांवरून दिसेनाशी होतात. पांढरी, फिकट पिवळी आणि केशरी फुले उठून दिसतात. पांढऱ्या फुलांची पिस लिली भिंतीच्या सर्वांत अंधाऱ्या भागात लावली आहे ती त्यासाठीच. तिला नत्राचे खत जास्त झाले तर पाने माजतात, म्हणून वर्षातून दोनदा थोडे गांडूळखत पुरते. ओलसर सावलीत बुरशी लवकर धरते, तेव्हा पाणी सकाळीच आणि बुंध्याशीच द्यावे, झाडांमध्ये वारा खेळेल इतके अंतर ठेवावे आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नये, नाहीतर त्यात डास होतात.

हिवाळा विसाव्याचा असला तरी आमच्या बागेला त्या काळात एक उपद्रव होतोच, तो आंब्यावरून येतो. पौष-माघात मोहोर फुटला की त्यावर तुडतुडे बसतात आणि त्यांचा चिकटा खाली गळतो. आबोलीची, पिस लिलीची पाने हाताला चिकट लागू लागतात, आठवडाभरात त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि पाने काजळी फासल्यासारखी दिसतात. आधीच उजेड कमी, त्यात पानावर हा थर, म्हणजे झाडाची उपासमारच. मोहोराच्या दिवसांत एक दिवसाआड सकाळी पाइपने पानांच्या दोन्ही बाजू धुवाव्यात आणि आठ-दहा दिवसांनी निंबोळी अर्क फवारावा, पण तो खालच्या झाडांवर. मोहोरावर मधमाश्या असताना काहीच मारू नये.

सासूबाईंचा मोगरा आणि दोन गुलाब मी गच्चीवर मोठ्या कुंड्यांत हलवले, कारण त्यांना पाच-सहा तास ऊन हवेच आणि ते अंगणात मिळणे शक्य नव्हते. तिथे ते उत्तम फुलतात. अंगणात यंदा भर घालायची आहे ती कोरांटीची आणि पेवाची. कोरांटी पूर्वेच्या कडेला लावणार आहे, म्हणजे तेरडा संपल्यावर कार्तिक-मार्गशीर्षात तिथे जांभळी आणि पांढरी फुले राहतील, आणि ती अर्ध्या सावलीत फुलते हे मी शेजारच्या गल्लीतल्या वाड्यात पाहिले आहे. पेवाचे गड्डे एका परिचितांच्या भोरजवळच्या शेतातल्या लागवडीतून मिळणार आहेत. जंगलातून उपटून आणलेले कंद किंवा आमरी (ऑर्किड) विकत घ्यायची नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळला आहे. ते गड्डे सोनटक्क्याच्या मागे, पन्हाळाच्या जवळ लावायचे आहेत आणि तिथली माती या महिन्याअखेर खणून ठेवायची आहे.